काळ्या जमिनीतील ओलीचे गणित : तक्त्यातील ‘चिकणमाती’ आणि मराठवाड्यातील भेगाळणारी माती

शिवार_परभणी (धागाकर्ता)

जमिनीत मुरलेले पाणी माती किती घट्ट धरून ठेवते, हे गणिताने मांडण्याचे साधन आता कोणालाही उपलब्ध आहे. कृषी शाखेचे पदव्युत्तर विद्यार्थी, ठिबक संचाची आखणी करणारे सल्लागार, पाणलोटाचे आराखडे करणारे अभियंते हायड्रस-१डीसारखी मातीतील पाण्याचे गणित करणारी विनामूल्य संगणक प्रणाली उघडतात, मातीच्या यादीतून ‘चिकणमाती’ निवडतात आणि हंगामभराच्या ओलीचा आलेख काढतात. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांतील भारी काळ्या जमिनीसाठी यादीतील ही ओळ जशीच्या तशी घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. ते आकडे परदेशी मातीचे आहेत हे एक कारण झाले. त्याहून मोठे कारण असे की त्या आकड्यांमागील समीकरण मातीचा सांगाडा स्थिर आहे असे मानते आणि आपल्या मातीचा सांगाडा पाण्याबरोबर हलतो.

मातीत पाणी किती आहे आणि ते ओढून घेण्यासाठी मुळांना किती जोर लावावा लागतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एडगर बकिंगहॅम यांनी १९०७ मध्ये केशाकर्षणाच्या ऊर्जेची कल्पना मांडून हे दोन प्रश्न प्रथम एकमेकांशी जोडले. मातीतील छिद्र जितके बारीक, तितके त्यातील पाणी रिकामे करायला अधिक ताण लागतो. ढोबळ मानाने ३०० या संख्येला छिद्राच्या मायक्रॉनमधील व्यासाने भागले की तो ताण किलोपास्कलमध्ये मिळतो. पाऊस थांबून जादा पाणी निथरल्यानंतर, म्हणजे जमीन वाफशावर येण्याच्या सुमारास, प्रयोगशाळेच्या संकेतानुसार ताण ३३ किलोपास्कल धरतात. तेव्हा सुमारे ९ मायक्रॉनपेक्षा मोठी छिद्रे रिकामी झालेली असतात. पीक कायमचे कोमेजते तो ताण १,५०० किलोपास्कल धरतात आणि तेथे ०.२ मायक्रॉनपेक्षा बारीक छिद्रांतच पाणी उरते. या दोन ताणांच्या दरम्यान मातीतून जे पाणी सुटते, त्याला आपण उपलब्ध ओल म्हणतो.

ताण आणि ओल यांचा आलेख काढला की पाणी धारणेची वक्ररेषा मिळते. ती समीकरणात बसवण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. ब्रूक्स आणि कोरी यांचे सूत्र १९६४ मधील आहे. परंतु आज सर्वाधिक वापरात आहे ते रीन व्हॅन गेनुख्टेन यांचे १९८० मधील समीकरण, जे शब्दांत असे लिहिता येईल:

ओल = उरलेली ओल + (संपृक्त ओल − उरलेली ओल) ÷ [१ + (अल्फा × ताण)^एन]^एम, आणि एम = १ − १/एन

यातील संपृक्त ओल म्हणजे सर्व छिद्रे पाण्याने भरलेली असतानाची ओल आणि उरलेली ओल म्हणजे कितीही ताण वाढला तरी निघत नाही असे धरलेली ओल. अल्फा ही संख्या सर्वांत मोठी छिद्रे कोणत्या ताणाला रिकामी होऊ लागतात ते सांगते, तर एन ही संख्या छिद्रांचे आकार एकमेकांच्या जवळपास आहेत की फार विखुरलेले आहेत ते सांगते. वाळूत एन मोठा असतो, कारण तिची छिद्रे जवळपास सारखी असतात आणि ठराविक ताण आला की बहुतेक पाणी एकदम निघून जाते. चिकणमातीत एन १ च्या अगदी जवळ असतो.

आता आकडे. कार्सेल आणि पॅरिश यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतील मातीच्या नोंदींवरून प्रत्येक पोतासाठी सरासरी संख्या दिल्या आणि त्याच आज बहुतेक प्रणालींच्या यादीत बसलेल्या आहेत. चिकणमातीसाठी उरलेली ओल ०.०६८, संपृक्त ओल ०.३८, अल्फा दर सेंटीमीटरला ०.००८ आणि एन १.०९ आहे. वाफशाचा ताण ३३० सेंटीमीटर व कोमेजण्याचा ताण १५,००० सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा धरून मी हिशेब केला. वाफशाला ओल आकारमानाने ३४.७ टक्के येते आणि कोमेजताना २७.१ टक्के. म्हणजे एक मीटर खोलीत उपलब्ध ओल केवळ ७६ मिलिमीटर. त्याच तक्त्यातील पोयट्याच्या मातीसाठी (०.०७८, ०.४३, ०.०३६, १.५६) हेच दोन आकडे १६.५ आणि ८.८ टक्के येतात, म्हणजे उपलब्ध ओल ७७ मिलिमीटर.

तक्ता सांगतो की पोयट्याची जमीन आणि चिकणमातीची जमीन पिकाला सारखेच पाणी देतात. परभणी-मानवत पट्ट्यात खोल काळ्या रानात रब्बीची ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर कापणीपर्यंत कशी उभी राहते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा निष्कर्ष पटणार नाही. मलाही तो पटलेला नाही आणि त्याचे कारण गणितातच सापडते असे मला वाटते. जाणकारांनी आपले म्हणणे मांडावे, ही विनंती.

कोरडवाहू_जालना

नमस्कार सर. मी शेतकरी आहे आणि समीकरणातले मला थोडेच समजते, परंतु माझा प्रश्न याच विषयाचा आहे. माझ्या काळ्या रानात बसवलेले ओल मोजण्याचे सेन्सर २९ टक्के दाखवते आणि तरीही दुपारी कपाशी माना टाकते. शेजारी चुलतभावाचे पोयट्याचे रान आहे. तेथे तशाच सेन्सरवर १८ टक्के येतात आणि पीक ताजेतवाने असते. विक्रेत्याने २५ टक्क्यांच्या खाली गेल्यावर पाणी द्या असे सांगितले होते. त्या हिशेबाने मी पाणी द्यायला नको आणि भावाने ताबडतोब द्यायला हवे. कोणाचे खरे मानावे?

शिवार_परभणी

दादा, आपल्या प्रश्नातच या विषयाचे मर्म आहे, म्हणून सविस्तर लिहितो. वर दिलेली समीकरणे उलटी सोडवली, म्हणजे ओल धरून ताण काढला, तर पोयट्याच्या मातीत १८ टक्क्यांना ताण जेमतेम २४ किलोपास्कल येतो. आपल्या भावाचे रान वाफशाहूनही ओले आहे. चिकणमातीत २९ टक्क्यांना ताण सुमारे ५३० किलोपास्कल येतो आणि एवढ्या ताणाला दुपारच्या उन्हात पानांची गरज भागेल इतक्या वेगाने मुळांना पाणी मिळत नाही. पीक खरे सांगत आहे. टक्केवारीचा एकच उंबरठा सर्व जमिनींना लावणे चुकीचे आहे. उंबरठा ताणात ठरवावा आणि त्या-त्या मातीच्या वक्ररेषेवरून त्याची टक्केवारी काढावी.

तक्त्यावर माझा आक्षेप असूनही येथे मी तोच वापरला, कारण दोन मातींतील फरकाची दिशा त्यातून बरोबर कळते. आपल्या रानातील नेमका ताण मात्र त्यावरून ठरवू नये.

सेन्सरबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्यावी. बहुतेक सेन्सर मातीचा विद्युत गुणधर्म मोजतात आणि ती संख्या सूत्राने ओलीत बदलतात. टॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात १९८० मध्ये दिलेले सूत्र सर्वसाधारण खनिज मातीला चांगले लागू पडते, परंतु भारी चिकणमातीत कणांच्या पृष्ठभागाला चिकटलेले पाणी वेगळे वागते आणि क्षारांमुळेही वाचन बिघडते. त्यात आपल्याकडे माती आकसली की सेन्सरच्या पात्यांभोवती हवेची फट पडते आणि वाचन एकाएकी खाली येते. म्हणून सेन्सरच्या शेजारची माती अधूनमधून काढून, तोलून, भट्टीत १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून पुन्हा तोलावी आणि सेन्सरचा आकडा पडताळून पाहावा. टेन्शिओमीटर ताण थेट मोजतो, पण तो साधारण ८० किलोपास्कलपर्यंतच चालतो. भाजीपाल्याला आणि फळबागेला तो उत्तम आहे, कोरडवाहू कपाशीला त्याची मर्यादा लवकर येते.

गणिती_लातूर

धागाकर्त्यांच्या मुद्द्याशी मी अर्धा सहमत आहे. तक्त्यातील ओळ आपल्या मातीला लागू नाही हे मान्य, परंतु त्यासाठी समीकरणाला दोष देण्याचे कारण मला दिसत नाही. व्हॅन गेनुख्टेन यांचे समीकरण ही एक लवचीक वक्ररेषा आहे. तिच्यातील चार संख्या ज्या मातीच्या मोजमापांवरून काढाव्यात, त्या मातीला ती बसते. ‘उरलेली ओल’ ही तर निव्वळ जुळवणीची संख्या आहे आणि तिला फारसा भौतिक अर्थ देऊ नये.

एन १ च्या जवळ असताना हे समीकरण किती संवेदनशील होते, याकडे लक्ष वेधतो. चिकणमातीच्या वरील संख्या तशाच ठेवून केवळ एन १.०९ ऐवजी १.२० घेतला, तर वाफशाची ओल ३१.४ टक्के आणि कोमेजण्याची १८.८ टक्के येते. उपलब्ध ओल ७६ वरून १२६ मिलिमीटरवर जाते. एनमधील केवळ ०.११ च्या बदलाने उत्तर दीडपटीहून अधिक होत असेल, तर उपाय उघड आहे. परभणी, नांदेड, लातूर येथील खोल काळ्या जमिनींचे नमुने घ्यावेत, प्रयोगशाळेत सात-आठ ताणांना ओल मोजावी आणि आपल्या संख्या आपण काढाव्यात. नवे गणित कशासाठी?

शिवार_परभणी

गणिती सर, एन विषयीचा आपला हिशेब फार महत्त्वाचा आहे आणि स्थानिक मोजमापांविषयी आपण म्हणता ते पूर्ण मान्य आहे. परंतु मोजमाप करून संख्या काढल्या तरी एक प्रश्न शिल्लक राहतो आणि तो या धाग्याचा गाभा आहे, म्हणून जरा लांबण लागली तरी लिहितो.

प्रथम संपृक्त ओल पाहू. तक्त्यात ती ०.३८ आहे, म्हणजे मातीत ३८ टक्के पोकळी आणि ६२ टक्के घन पदार्थ. घन कणांची घनता २.६५ धरली तर या मातीची स्थूल घनता (पोकळीसकट मातीची घनता) १.६४ होते. आपल्या काळ्या जमिनीची पावसाळ्यात फुगलेल्या अवस्थेतील स्थूल घनता १.३ धरली, तर पोकळी ५१ टक्के येते. तक्त्यातील चिकणमाती ही आपल्या फुगलेल्या मातीच्या तुलनेत दाबलेली माती आहे. ५१ टक्के पोकळीची माती ३८ टक्क्यांच्या साच्यात बसवली की वरचे बरेचसे पाणी हिशेबातून आधीच वगळले जाते.

आता खरा प्रश्न. समीकरणामागची कल्पना अशी आहे की छिद्रे जागच्या जागी राहतात आणि ताण वाढेल तशी मोठ्यांपासून लहानांपर्यंत क्रमाने रिकामी होतात. पाणी गेले की तेथे हवा येते. वाळूत आणि मुरमाड जमिनीत हे बरोबर घडते. परंतु दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या आपल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातील चिकण खनिजे भरपूर आहेत, ज्यांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ती फुगतात आणि निघाले की आकसतात. हेन्स यांनी १९२३ मध्ये मातीच्या आकुंचनाचे टप्पे दाखवून दिले. त्यातील एका लांब टप्प्यात मातीतून जितके घन सेंटीमीटर पाणी जाते, तितकेच घन सेंटीमीटर आकारमान कमी होते. या टप्प्यात ढेकळाच्या आत हवा शिरतच नाही. ढेकूळ वाळत असते आणि तरीही ते पाण्याने भरलेलेच असते, कारण रिकामे झालेले छिद्र शिल्लकच राहत नाही, ते मिटते. हवा असते ती दोन ढेकळांमधल्या भेगेत.

अशा मातीत ‘आकारमानाने इतके टक्के ओल’ असे म्हणताना कोणते आकारमान धरायचे? समजा, भट्टीत वाळवून काढलेली ओल वजनाने २० टक्के आली. तिला फुगलेल्या मातीच्या १.३ घनतेने गुणले तर आकारमानाने २६ टक्के येते, आणि त्याच ओलीला आकसलेल्या ढेकळाच्या १.७ घनतेने गुणले तर ३४ टक्के. पाणी तेवढेच असताना उत्तरात ८ टक्क्यांचा फरक पडतो. हा फरक वर काढलेल्या संपूर्ण उपलब्ध ओलीएवढा आहे. म्हणून नव्याने मोजून काढलेल्या संख्याही, प्रत्येक ताणाला घनता वेगळी मोजली नसेल तर, फसव्या ठरतात.

यावरचा मार्ग नवा नाही. पाण्याचे आकारमान भागिले घन कणांचे आकारमान असे गुणोत्तर घ्यावे, कारण घन कण फुगत नाहीत. ताणाची वक्ररेषा या गुणोत्तरात मांडावी आणि तिच्या जोडीला आकुंचनाची दुसरी वक्ररेषा, म्हणजे ओल आणि एकूण पोकळी यांचा संबंध, द्यावी. ऑस्ट्रेलियात फिलिप यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस फुगणाऱ्या मातीचे जलशास्त्र याच पायावर उभे केले आणि वरच्या थराच्या वजनामुळे खालच्या फुगणाऱ्या मातीतील पाण्यावर येणारा दाबही हिशेबात घेतला. तेव्हा सर, आपले समीकरण मी टाकून देत नाही. ते एकटे पुरत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

मृदा_विद्यार्थिनी

या चर्चेला प्रयोगशाळेतील बाजू जोडते. काळ्या मातीचे नमुने प्रेशर प्लेटवर, म्हणजे दाब देऊन मातीतील पाणी काढणाऱ्या सच्छिद्र तबकडीवर, ठेवले की ताण वाढेल तसा नमुना कड्यात आकसतो, कड्याच्या भिंतीपासून सुटतो आणि त्याचा प्लेटशी असलेला संपर्कही तुटू लागतो. संपर्क तुटला की पाणी बाहेर येत नाही, समतोल झाला असे वाटते, आणि १,५०० किलोपास्कलची ओल प्रत्यक्षाहून जास्त नोंदवली जाते. कोमेजण्याची ओल जास्त नोंदवली म्हणजे उपलब्ध ओल कमी दिसणार. तक्त्यांतील चिकणमातीचे आकडे वाचताना ही शक्यता मनात ठेवावी असे मला वाटते. कोरड्या टोकाला दवबिंदूवर चालणारे उपकरण अधिक विश्वासार्ह आहे. साधनांची अडचण असेल तेथे व्हॉटमन ४२ क्रमांकाचा गाळणकागद मातीसोबत हवाबंद डब्यात ठेवून, कागदाने शोषलेल्या ओलीवरून ताण काढण्याची पद्धतही चालते, फक्त तराजू अचूक हवा.

घनता मोजण्यासाठी ढेकळाला पातळ प्लास्टिकचा लेप देऊन ते पाण्यात बुडवून तोलतात. ओल्या व वाळलेल्या ढेकळाच्या घनतांवरून रेषीय प्रसरणाचा गुणांक, म्हणजे ओल्या ढेकळाची लांबी वाळलेल्याच्या तुलनेत किती पटीने जास्त ते, निघतो. धागाकर्त्यांच्या उदाहरणातील ओली घनता १.३ घेतली आणि भट्टीत पूर्ण वाळलेल्या ढेकळाची १.८ धरली, तर गुणांक ०.११ येतो. ०.०९ च्या वर तो गेला की मातीची फुगण्या-आकसण्याची क्षमता अति उच्च मानतात.

गणिती_लातूर

दोन वक्ररेषांचा युक्तिवाद मला पटला. मात्र आकुंचनाची वक्ररेषा प्रत्येक शेतासाठी कोण मोजणार? शेवटी सल्लागार पुन्हा तयार तक्त्याकडेच वळतील. पोत, सेंद्रिय कर्ब आणि घनता यांवरून वक्ररेषेचा अंदाज देणारी सूत्रेही आहेत, उदाहरणार्थ सॅक्स्टन व रॉल्स यांची २००६ मधील सूत्रे किंवा रोझेटा ही प्रणाली. पण तीही मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशांतील नमुन्यांवर आधारलेली आहेत. शेतात करता येईल असे सोपे मोजमाप काही आहे का?

शिवार_परभणी

आहे, आणि ते मला अतिशय आवडते, कारण त्यात मातीचे आकसणे हाच मोजमापाचा आधार होतो. नेदरलँड्समधील ब्रॉन्स्वाईक यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते सविस्तर मांडले. माती आकसली की जमिनीचा पृष्ठभाग खाली बसतो. तो किती खाली बसला ते मोजले, तर जमिनीतून किती पाणी गेले आणि भेगांचे आकारमान किती झाले, हे दोन्ही काढता येते.

समजा, एक मीटर जाडीच्या काळ्या थराचा पृष्ठभाग पावसाळ्याच्या अखेरच्या पातळीपेक्षा ३ सेंटीमीटर खाली बसला. माती तिन्ही दिशांनी सारखी आकसते असे धरले, तर आकारमान ०.९७ च्या घनाएवढे, म्हणजे सुमारे ०.९१३ उरले. ८.७ टक्के आकारमान गेले. हेन्स यांच्या त्या लांब टप्प्यात जितके आकारमान जाते तितकेच पाणी जाते, म्हणून या एक मीटरमधून सुमारे ८७ मिलिमीटर पाणी पिकाने आणि उन्हाने नेले. त्यांतील ३० मिलिमीटरएवढे आकारमान पृष्ठभाग खाली बसण्यात दिसते आणि उरलेले ५७ मिलिमीटरएवढे भेगांच्या रूपात उघडे पडते. भेगा पडण्यापूर्वी मात्र माती फक्त खाली बसते, तेव्हा १ मिलिमीटर खचणे म्हणजे १ मिलिमीटर पाणी. वरचा वीतभर थर फार वाळतो आणि तेथे ढेकळांतही हवा शिरते, त्यामुळे प्रत्यक्षात गेलेले पाणी या हिशेबापेक्षा काहीसे जास्तच असते.

त्या ५७ मिलिमीटरकडे पुन्हा पाहावे. उन्हाळ्यानंतर भेगाळलेल्या रानावर जूनमधला पहिला जोराचा पाऊस पडतो तेव्हा पाणी पृष्ठभागावरून थराथराने न मुरता भेगांतून थेट खाली उतरते. मातीतील पाण्याच्या प्रवाहाच्या, रिचर्ड्स यांच्या १९३१ मधील समीकरणावर चालणारी सर्वसाधारण प्रणाली आधी वरचा थर भिजवते, मग खालचा. तक्त्यातील चिकणमातीची संपृक्त पारगम्यता, म्हणजे पूर्ण भिजलेल्या मातीतून पाणी जाण्याचा वेग, दिवसाला ४.८ सेंटीमीटर, म्हणजे तासाला २ मिलिमीटर आहे. तासाला ४० मिलिमीटरच्या सरीत ही प्रणाली बहुतेक पाणी ओघळून गेले असे दाखवील, तर रानात ते भेगांनी गिळलेले असते. ऑगस्टमध्ये भेगा मिटल्यानंतर तीच जमीन खरोखरच पाणी घेईनाशी होते. एकाच शेताला दोन ऋतूंत दोन वेगळ्या जमिनी समजावे लागते आणि जे गणित हे करत नाही, ते आपल्या पाणलोटांत जून-जुलैचा अपधाव (जमिनीवरून वाहून जाणारे पाणी) फुगवून सांगते.

कोरडवाहू_जालना

सर, भेगांचे हे गणित वाचून एक विचारतो. आमच्याकडे रब्बी ज्वारीत आठव्या आठवड्याच्या सुमारास दातेरी कोळप्याने शेवटची कोळपणी करतात आणि भेगा बुजवतात. जुनी माणसे म्हणतात की त्याने ओल टिकते. गणितात हे बसते का?

शिवार_परभणी

पूर्णपणे बसते. भेगेच्या दोन्ही भिंती हवेला उघड्या असतात आणि भेग खोल असेल तर मीटरभर खालची ओलही त्या भिंतींवाटे उडून जाते. पृष्ठभागावरून बाष्पीभवन होते तेव्हा वरचा पातळ थर वाळला की त्याची पारगम्यता इतकी घसरते की तो खालच्या ओलीवर झाकणासारखा बसतो. मुआलेम यांच्या १९७६ मधील मांडणीने वक्ररेषेवरून पारगम्यता काढली की ही घसरण आकड्यांत दिसते. भेग मात्र या झाकणाला फोडून जाते. कोळपणीने भुसभुशीत कोरडी माती भेगेच्या तोंडात पडते आणि झाकण पुन्हा अखंड होते. एकाच दिशेने ओल हलते असे मानणाऱ्या प्रणालीत भेगेच्या भिंती नसतातच, त्यामुळे कोळपणीचा फायदा तिला दाखवता येत नाही. अशा वेळी प्रणालीच्या निष्कर्षापेक्षा शेतातील अनुभव ग्राह्य धरावा.

माळरान_पाटोदा

आपण सर्व खोल काळ्या जमिनीविषयी लिहीत आहात. आमच्या बालाघाटाच्या माथ्यावर वीतभर माती आणि खाली मुरूम आहे. आम्ही तलावातील गाळ आणून टाकतो. गाळामुळे ओल किती वाढते याचा हिशेब कोणी सांगितला तर खर्चाचा अंदाज येईल.

शिवार_परभणी

आपला हिशेब सोपा आहे, कारण मुरमाड जमीन फारशी आकसत नाही. एकरभर रानात ५ सेंटीमीटर जाडीचा गाळ पसरायचा म्हणजे सुमारे २०० घनमीटर, म्हणजेच जवळपास ७१ ब्रास. गाळाची उपलब्ध ओल आकारमानाने १५ टक्के धरली तर वाढ होते ७.५ मिलिमीटर. पीक दिवसाला ४ ते ५ मिलिमीटर पाणी घेत असेल तर ही दीड ते जवळपास दोन दिवसांची सोय झाली.

हा आकडा लहान वाटेल, पण तो एका भरणीचा आहे. हंगामात पाऊस जितक्या वेळा पुरेसा पडेल तितक्या वेळा ही साठवण पुन्हा भरते आणि एरवी मुरमातून खाली निघून गेले असते ते पाणी तितक्या वेळा पिकाला मिळते. शिवाय बारीक गाळाखाली भरड मुरूम असेल तर गाळ आपल्या नेहमीच्या क्षमतेहून थोडे अधिक पाणी धरतो, कारण मुरमाची मोठी छिद्रे पाणी आत ओढू शकत नाहीत आणि गाळाच्या तळाशी ताण जवळजवळ शून्यावर आल्याशिवाय पाणी खाली उतरत नाही. गाळ नांगरून मुरमात पूर्ण मिसळला तर हा लाभ जातो, आणि वर नुसता जाड थर ठेवला तर तो भेगाळतो. उथळ वखरणीने वरच्या मातीत मिसळावा, असे माझे मत आहे. चोपण भागातील तलावाचा गाळ असेल तर त्यातील विनिमयक्षम सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम) आधी तपासून घ्यावा, कारण सोडियमने मातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि धरलेले पाणी मुळांपर्यंत पोहोचत नाही.

मृदा_विद्यार्थिनी

सर, खचण्याच्या मोजमापाचा प्रयोग आम्हाला यंदा करायचा आहे. पातळी मोजण्यासाठी स्थिर खूण म्हणून सळई काळ्या मातीतच ठोकली तर तीही मातीबरोबर वरखाली होईल ना?

शिवार_परभणी

होईल, म्हणून ती मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावी आणि काळ्या थराच्या पूर्ण खोलीत तिच्याभोवती सैल बसणारी पाईप घालावी, म्हणजे फुगणारी माती सळईला पकडून ओढणार नाही. पृष्ठभागावर एक सपाट पत्रा ठेवून सळईच्या टोकापासून पत्र्यापर्यंतचे अंतर मोजावे. भेग नेमकी पाईपजवळ पडण्याची प्रवृत्ती असते, म्हणून पत्रा पाईपपासून हातभर दूर ठेवून मोजपट्टी आडव्या पातळीपट्टीवर टेकवावी. एका रानात तीन-चार ठिकाणी सळया असाव्यात. पहिली नोंद परतीच्या पावसानंतर भेगा पूर्ण मिटलेल्या असताना घ्यावी, कारण पुढचे सारे हिशेब त्या पातळीपासून आहेत. त्याच दिवशी प्रत्येक १५ सेंटीमीटर खोलीची माती काढून वजनाची ओल आणि ढेकळांची घनता मोजून ठेवावी. हरभरा किंवा ज्वारी काढणीला येईपर्यंत दर पंधरवड्याला दोन्ही मोजमापे एकत्र घेतली तर आपल्या रानाची आकुंचनाची वक्ररेषा त्या एका हंगामातच हाती येईल. सळईच्या नोंदी येथे टाकाव्यात. त्यांवर गणिती सरांनी संख्या बसवून द्याव्यात अशी माझी त्यांना विनंती आहे.

गणिती_लातूर

अवश्य देईन. नोंदींमध्ये काळ्या थराची जाडी आणि पहिली भेग दिसल्याची तारीख मात्र लिहावी, कारण त्या तारखेपासून घनाचा हिशेब सुरू होतो आणि त्याआधी सरळ वजाबाकी.